पॉइंट घासल्याने स्विचचे आयुष्य वाढत नाही

पुण्यातल्या इलेक्ट्रिकल सामानाच्या तापकीर गल्लीत छोटा स्विच किंवा रिले (कॉइलमधल्या प्रवाहाने चालणारा स्विच) घ्यायला गेले, की ‘पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपर मारा’ असा सल्ला अनेकदा कानावर पडतो. तो सद्भावनेने दिलेला असला, तरी चुकीचा आहे. अशा पॉइंटवर, म्हणजे एकमेकांना टेकून प्रवाह जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यांवर, बहुधा चांदीचा किंवा तिच्या मिश्रधातूचा थर असतो, आणि मुलामा पातळ असेल तर थोड्याशा घासण्यानेही खालचे तांबे किंवा पितळ उघडे पडते. मग त्यावर चढणारे ऑक्साइड प्रवाहाला अडवते आणि सांधा तापू लागतो.

पॉइंट झिजवते ती मुख्यतः ठिणगी. मोटर किंवा सोलेनॉइड (विजेने लोखंडी दांडा ओढणारी कॉइल) बंद करताना कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, साठलेली ऊर्जा विलग होणाऱ्या पॉइंटमध्ये ठिणगी पेटवते आणि धातू वितळवून खड्डे पाडते. आपल्या 50 हर्ट्‌झच्या एसी, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या, पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येत असल्याने ही ठिणगी लवकर विझते. डीसीत, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहात, ती सोय नाही, म्हणूनच अनेक छोट्या रिलेंवर एसीसाठी 250 व्होल्ट, पण डीसीसाठी जेमतेम 30 व्होल्ट छापलेले असते.

म्हणून घासण्याऐवजी ठिणगी रोखावी: डीसी कॉइलला समांतर उलटा डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारा भाग) जोडावा. एसीसाठी साधारण 100 ओहमचा रेझिस्टर आणि 0.1 मायक्रोफॅरडचा, मेन्ससाठीच (घरच्या वीजपुरवठ्यासाठी) बनवलेला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडून ती जोडी पॉइंटला समांतर लावावी. रेझिस्टर मात्र कधीही गाळू नये, कारण नुसता कपॅसिटर पॉइंट जुळताच एकदम रिकामा होतो आणि ते एकमेकांना चिकटू शकतात.