उपग्रह चित्रातली लाल केळी तापलेली नसते

एप्रिलमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलचं उपग्रह चित्र उघडलं की तापी आणि सातपुड्याच्या मधला पट्टा लालभडक दिसतो. आमच्याकडच्या एका बागायतदार काकांनी ते पाहून काळजीनं विचारलं, "एवढी तापली का रे बाग?" खरं तर उलट आहे. तो लाल रंग हिरव्यागार केळीचा.

सगळा घोटाळा 'इन्फ्रारेड' या शब्दाचा. निकट इन्फ्रारेड, म्हणजे साधारण ०.७ ते १.३ मायक्रॉन तरंगलांबीचा, हा सूर्याचाच प्रकाश. निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, पण पानाच्या आतल्या पेशी आणि त्यांमधल्या हवेच्या पोकळ्या हा अदृश्य प्रकाश परत फेकतात. तो डोळ्यांना दिसावा म्हणून चित्रात त्याला लाल रंग देतात. औष्णिक इन्फ्रारेड (८ ते १४ मायक्रॉन) मात्र वस्तू स्वतःच सोडते, म्हणून ते रात्रीही मोजता येतं. दिवसा काढलेल्या अशा नकाशात ठिबकवरची बाग थंड दिसते, कारण पानं सतत बाष्प सोडतात. तापलेली असते ती शेजारची नांगरून टाकलेली काळी जमीन.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९६६ मध्ये शेतीसाठीच सुदूर संवेदनाची (विमानातून किंवा उपग्रहातून दुरूनच पाहणी करण्याची) प्रयोगशाळा निघाली, 'लार्स'. १९७० मध्ये तिकडच्या मक्यावर करपा आला आणि देशातलं सुमारे १५ टक्के पीक गेलं. पुढच्याच हंगामात सात राज्यांवरून विमानं फिरली. फोटो निकट इन्फ्रारेड टिपणाऱ्या फिल्मवर काढले. काही भागात वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश मोजणारा स्कॅनरही लावला, आणि त्याचे आकडे संगणकानं वाचले. माझ्या मते लार्सचं मोठेपण या आकडे वाचण्यात आहे. जोरात पसरलेला करपा ओळखता आला, सुरुवातीचा नाही. त्याच सुमारास, १९७० मध्ये, आपल्याकडे शास्त्रज्ञ पी. आर. पिशारोटी यांच्या पुढाकारानं केरळातल्या माडांचा रोग हेलिकॉप्टरमधून अशाच फिल्मवर टिपला गेला होता.

म्हणून केळीवरचा करपा शोधायचा तर निकट इन्फ्रारेड बघा, पण पानांवरच्या पहिल्या डागांची अपेक्षा त्याच्याकडून ठेवू नका. पाण्याचा ताण औष्णिक नकाशात आधी जाणवतो. अडचण आकाराची आहे. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या निकट इन्फ्रारेड चित्रातला एक ठिपका (पिक्सेल) जमिनीवर १० मीटर लांब-रुंद असतो, तर लँडसॅट ८ उपग्रहाचा औष्णिक ठिपका मुळात १०० मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे अडीच एकरांचा. दीड एकराची कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) त्यात शेजारच्या नांगरटीत मिसळते आणि येणारं तापमान दोघांचं मिळून येतं.