सोर्सपासून बांधणी : नेटवर्क सॉफ्टवेअर व त्याचा इन्स्टॉलर

सोर्सपासून बांधणी म्हणजे प्रोग्रामचा सोर्स कोड मिळवून, तो आपल्या यंत्रावर कंपाइल करून, चालणारा प्रोग्राम तयार करणे. व्हीपीएन (नेटवर्कवरील खासगी जोडणी), पॅकेट तपासणारी साधने, एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन) अशा नेटवर्क सॉफ्टवेअरच्या बाबतीत हे काम दुहेरी असते. आधी प्रोग्राम बांधायचा, मग तो इतरांच्या संगणकांवर बसवणारा इन्स्टॉलर बांधायचा. संदर्भग्रंथ दुसरा भाग सहसा एका ओळीत आटोपतात. अडचणी मात्र बहुतेक तिथेच निघतात. गोव्यात त्याला आणखी एक पदर आहे, तो इन्स्टॉलरच्या भाषेचा.

उगम : बांधणीच्या ‘कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल’ (यंत्र तपासणे, कंपाइल करणे, फायली जागेवर बसवणे) या तीन आज्ञांची त्रयी एका हातची नाही. मेकचा काळ साधारणपणे १९७६ धरतात. स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते बेल लॅब्जमध्ये लिहिले. काही ठिकाणी १९७७ हे साल दिसते, ते बहुधा पीडब्ल्यूबी या युनिक्सच्या आवृत्तीतून झालेल्या प्रसारावरून. १९७९ हे फेल्डमन यांच्या मेकवरील निबंधाचे साल. (मेकला सूचना देणाऱ्या मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, हा जाच तेव्हापासूनचा. डझनभर लोक मेक वापरू लागल्यावर बदल करणे नको वाटले, असे फेल्डमन यांनीच पुढे सांगितले आहे.)

कॉन्फिगरचे श्रेय सरसकट ऑटोकॉन्फला (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून देणारे साधन) दिले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ १९९१ च्या उन्हाळ्यात सुरू केले. त्याआधी १९८४ च्या सुमारास लॅरी वॉल यांच्या आरएन या न्यूजरीडरसोबत (नेटवर्कवरील चर्चा वाचण्याचा प्रोग्राम) कॉन्फिगर नावाचीच स्क्रिप्ट येत होती; जीसीसी हा कंपायलर आणि सिग्नस ही कंपनी यांच्याही आपापल्या स्क्रिप्टा होत्या. वॉल यांची स्क्रिप्ट यंत्रात शोधाशोध करून शेवटी उत्तरे वापरणाऱ्याकडून पक्की करून घेई. ऑटोकॉन्फची स्क्रिप्ट कोणाला काही विचारत नाही. छोटे छोटे प्रोग्राम कंपाइल करून पाहते आणि निर्णय घेते. नाव जुने, रीत नवी, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. आरएन हे स्वतः नेटवर्क सॉफ्टवेअर होते, हेही ध्यानात घ्यावे.

इन्स्टॉलर : युनिक्स परंपरेत ‘मेक इन्स्टॉल’ फायली थेट जागेवर, बहुधा यूएसआर-लोकलखाली, ठेवते. पॅकेज बनवणारे डेस्टडिर हे चल वापरून त्या एका रिकाम्या डिरेक्टरीत उतरवतात आणि तिथून पॅकेज बांधतात. विंडोजवर ही सोय पुरत नाही. व्हीपीएनला आभासी नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर लागतो. तो कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालतो, म्हणून त्यावर डिजिटल सही लागते, आणि विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या ड्रायव्हरची ही सही मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलमार्फतच घ्यावी लागते. सोर्स खुला असूनही घरी बांधलेला ड्रायव्हर साध्या विंडोजवर चढत नाही तो यामुळे. व्यवहारात सही केलेला तयार ड्रायव्हर घेऊन बाकीचे आपण बांधणे, हीच तडजोड चालते.

ओपनव्हीपीएन या खुल्या सोर्सच्या व्हीपीएनचे उदाहरण बोलके आहे. जेम्स योनन यांनी त्याची पहिली आवृत्ती २००१ मध्ये काढली. त्याचा विंडोज इन्स्टॉलर बरीच वर्षे लिनक्सवर मिन्जीडब्ल्यू या विंडोजसाठीच्या कंपायलर-संचाने कंपाइल करून एनएसआयएस या इन्स्टॉलर बांधणाऱ्या साधनाने बांधला जाई. २०२० मधील २.५ या आवृत्तीपासून एमएसआय या विंडोजच्या स्वतःच्या स्वरूपातला इन्स्टॉलर आला. एनएसआयएस हे विनअॅम्प हा संगीत वाजवणारा प्रोग्राम काढणाऱ्या नलसॉफ्टचे अपत्य. एमएसआय बांधणारे विक्स मायक्रोसॉफ्टने २००४ मध्ये खुले केले. एनएसआयएसची स्क्रिप्ट म्हणजे क्रमवार आज्ञा, तर एमएसआय हा तक्त्यांचा डेटाबेस असतो. फसलेली स्थापना मागे फिरवणे एमएसआयला जमते, म्हणून कार्यालयांचा कल त्याच्याकडे.

तंतोतंत बांधणी : एकाच सोर्सपासून दोघांनी बांधलेल्या फायली बिट-बिट जुळाव्यात, या कल्पनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक २०११ च्या सुमारास बिटकॉइनने आणि २०१३ मध्ये टॉर ब्राउझरने वापरलेल्या गिटियन या बांधणीच्या साधनापासून सुरुवात मानतात; डेबियन या लिनक्स वितरणाचे संघटित कामही २०१३ चेच. दुसऱ्या मतानुसार जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाची साधने १९९० च्या दशकाच्या आरंभीच अशी बांधली जात होती. तंत्र जुने आणि चळवळ नवी म्हटले की दोन्ही मतांचा मेळ बसतो.

इन्स्टॉलर इथे सर्वांत हट्टी ठरतो. फायलींचा क्रम, वेळेचे शिक्के, बांधणीच्या डिरेक्टरीचा मार्ग, सगळे आत उतरते. विक्स प्रत्येक बांधणीला नवा पॅकेज कोड (ओळखक्रमांक) देते, त्यामुळे मुद्दाम काळजी घेतल्याशिवाय दोन एमएसआय कधीच सारखे निघत नाहीत. वेळेच्या शिक्क्यांसाठी २०१५ पासून, बांधणीला एक ठरावीक वेळ देणारा, सोर्स डेट इपॉक हा संकेत रूढ आहे. सही काढून टाकूनच तुलना करावी लागते.

मार्च २०२४ मध्ये उघड झालेल्या एक्सझेड (फायली आकसणारे साधन) प्रकरणाने याचे महत्त्व पटले. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या प्रसृत टारबॉलमध्ये (सोर्सच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्यात) बांधणीची एक फाईल होती, जी गिट भांडारात, म्हणजे सोर्सच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या जागी, नव्हती. तीच चाचणी-फायलींत दडवलेला घातक कोड कंपाइल होताना आत सारत असे आणि काही लिनक्स वितरणांत एसएसएच सर्व्हर त्याच्या कक्षेत येई. अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना लॉगिनला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदाच्या उशिरावरून त्याचा छडा लागला. टारबॉल म्हणजेच सोर्स, हे समीकरण तेव्हापासून पूर्वीइतके बिनघोर धरले जात नाही.

गोवा : या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत शाळांना वापरलेले संगणक पुरवणाऱ्या गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्टने लिनक्सचा अवलंब केला होता. फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६७), ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ (१९८५) आणि झुआरीनगरचे बिट्स (२००४) ही संगणक शिक्षणाची प्रमुख ठिकाणे. राज्याचे गोवा ब्रॉडबँड नेटवर्क तालुका व ग्रामपंचायत पातळीपर्यंत जाते.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि सरकारी कामासाठी मराठीलाही मुभा मिळाली. इन्स्टॉलर बांधणाऱ्याला त्यामुळे दोन देवनागरी मजकूर-संच ठेवावे लागतात. लिपी एक असली तरी विंडोजच्या लेखी मराठीचा भाषाक्रमांक ११०२ आणि कोंकणीचा ११११ आहे. देवनागरीसाठी विंडोजमध्ये आन्सी कोडपेज (युनिकोडआधीचा अक्षरसंच) नसल्याने एनएसआयएसच्या मूळ शाखेत दोन्ही भाषा नीट दिसू लागल्या त्या युनिकोड आधार आलेल्या ३.० आवृत्तीनंतर (२०१६). तोवर वेगळी युनिकोड शाखा वापरावी लागे. रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीला विंडोजचा स्वतंत्र क्रमांक नाही. लिनक्सच्या बाजूला गेटटेक्स्ट या अनुवादाच्या साधनात भाषेच्या संकेताला लिपीचा प्रत्यय जोडून तिचा वेगळा कॅटलॉग करता येतो.