‘शरणार्थिनी’ किती जुनं? ग्रीक शोकांतिकेच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

एस्किलस या प्राचीन ग्रीक नाटककाराचं जे नाटक इंग्रजीतून ‘सप्लायंट विमेन’ म्हणून ओळखलं जातं आणि इथे ज्याला ‘शरणार्थिनी’ म्हटलं आहे, त्याच्यावर गेल्या दहा-बारा वर्षांत भरपूर लिहिलं गेलं. निर्वासित, सीमा, आश्रयाचा हक्क, जनमताचा कौल असे सगळे आजचे प्रश्न त्यात सापडतात. मात्र हे लेखन वाचताना त्याच नाटकावरचं शंभर वर्षांपूर्वीचं लेखन शेजारी ठेवलं, तर दोघं वेगळ्याच नाटकाबद्दल बोलताहेत असं वाटतं. 1952 पूर्वीचे अभ्यासक या नाटकाला युरोपातलं सर्वांत जुनं उपलब्ध नाटक मानत. आज ते एस्किलसच्या शेवटच्या दहा-बारा वर्षांतलं मानलं जातं. मधल्या काळात नाटकातली एकही ओळ बदललेली नाही. बदलली ती तारीख, आणि ती मोजक्याच ओळींच्या एका तुकड्यामुळे बदलली.

मूळ अडचण सामग्रीची आहे. तिन्ही नाटककारांची मिळून अडीचशेहून जास्त नाटकं होती. आपल्या हाती एस्किलसची सात, सोफोक्लीसची सात आणि युरिपिडीसची अठरा-एकोणीस उरली आहेत. ‘शरणार्थिनी’ तर एका धाग्यावर टिकलं. दहाव्या शतकातलं एकच हस्तलिखित, जे आज फ्लॉरेन्समध्ये आहे, हा त्याचा एकमेव आधार. कुठलं नाटक कधी झालं याच्या नोंदी अथेन्समध्ये व्यवस्थित ठेवल्या जात. ॲरिस्टॉटलने त्यांवरून याद्या केल्या, आणि त्या याद्यांतली माहिती अलेक्झांड्रियाच्या ग्रंथपालांमार्फत हस्तलिखितांच्या प्रस्तावनांत थोडीफार झिरपली. म्हणूनच ‘पर्शियन्स’ इ.स.पू. 472 चं, ‘थीब्झवर चालून गेलेले सात’ 467 चं आणि ‘ओरेस्टेइया’ 458 चं, हे आपण ठामपणे सांगू शकतो. ‘शरणार्थिनी’ला मात्र अशी प्रस्तावनाच मिळाली नाही. तिथे मोकळी जागा होती आणि ती अंदाजाने भरली गेली.

हा अंदाज कुठून आला हे पाहायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. ‘काव्यशास्त्रा’च्या चौथ्या प्रकरणात ॲरिस्टॉटल शोकांतिकेच्या वाढीची थोडक्यात हकिगत सांगतो. ती डिथिरॅम्ब, म्हणजे डायोनिसस देवाची समूहगीतं, गाणाऱ्यांच्या म्होरक्यांपासून निघाली. एस्किलसने नटांची संख्या एकावरून दोनवर नेली, कोरसचा, म्हणजे एकत्र गाणाऱ्या-नाचणाऱ्या वृंदाचा, वाटा कमी केला आणि संवादाला पुढची जागा दिली. सोफोक्लीसने तिसरा नट आणि रंगवलेला देखावा आणला. एवढी चार वाक्यं. एकोणिसाव्या शतकात, जेव्हा भाषा, धर्म, प्राणी अशा प्रत्येक गोष्टीचा उगम आणि विकास शोधला जात होता, तेव्हा या वाक्यांचं मोजमाप झालं. कोरस जितका मोठा तितकं नाटक जुनं, हे त्या मोजमापाचं सूत्र.

या सूत्रावर ‘शरणार्थिनी’ अगदी चपखल बसत होतं. त्यात कोरस हाच नायक आहे. इजिप्तमधल्या चुलतभावांशी लग्न नको म्हणून पळालेल्या डानाओसच्या मुली आर्गोस या ग्रीक नगरराज्याच्या किनाऱ्यावर उतरतात आणि लोकरीने गुंडाळलेल्या फांद्या हातात धरून देवांच्या मूर्तींपाशी बसतात. जेमतेम 1070 ओळींच्या नाटकात निम्म्याहून जास्त भाग त्यांच्या तोंडी आहे. दुसरा नट आहे, पण त्याच्याकडून फारसं काम करून घेतलेलं नाही. सुरुवातीला कुणी पात्र येऊन प्रास्ताविक करत नाही. पडदा नसलेल्या त्या रंगभूमीवर मुली गातच प्रवेश करतात. पुराणकथेत मुली पन्नास, आणि डिथिरॅम्बच्या वृंदातही पन्नासच गायक. मग मूळ शोकांतिकेचा कोरस पन्नासांचा होता आणि हे नाटक त्याच अवस्थेतलं, असा निष्कर्ष निघाला. तारीख इ.स.पू. 490 च्या आसपास, काहींच्या मते त्याहूनही आधीची, ठरवली गेली. नाट्येतिहासाच्या पुस्तकांत ते पहिल्या प्रकरणात गेलं आणि तिथे ‘कच्चं’, ‘बाल्यावस्थेतलं’, ‘प्राथमिक’ अशी विशेषणं त्याला चिकटली.

त्याच काळात शोकांतिकेच्या अर्थाबद्दल मोठी भांडणंही झाली. 1872 मध्ये बासेलमधल्या एका तरुण प्राध्यापकाने शोकांतिकेचा जन्म संगीताच्या उन्मादातून झाल्याचं मांडलं, आणि त्याहून तरुण अशा एका भाषाशास्त्रज्ञाने त्याच वर्षी पुस्तिका काढून त्याची चिरफाड केली. पुढे 1912 च्या सुमारास इंग्लंडमधल्या एका गटाने शोकांतिकेच्या मुळाशी दरवर्षी मरून पुन्हा जिवंत होणाऱ्या देवाचा विधी पाहिला. हे वाद अभ्यासक्रमांत अजून भरपूर जागा अडवतात. माझ्या मते त्यांना गरजेपेक्षा जास्त महत्त्व मिळालं. एकमेकांचे कट्टर विरोधक असलेल्या या मंडळींचं एका बाबतीत एकमत होतं: कोरस हे मूळ, बाकी सगळं नंतरचं. हे गृहीतक कुणी तपासलंच नाही.

तक्रारी अगदीच नव्हत्या असं नाही. काही जर्मन अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकातच या नाटकात आर्गोसची केलेली स्तुती खटकली होती. आर्गोसचा राजा पेलास्गोस एकट्याने निर्णय घ्यायला नकार देतो. आश्रय द्यावा तर इजिप्तशी युद्ध, न द्यावा तर देवाचा कोप. त्याला कचरताना पाहून मुली सांगतात की आमच्या कमरपट्ट्यांनी याच मूर्तींना गळफास लावून घेऊ. तरीही तो प्रश्न लोकांपुढे नेतो. सभेहून परतलेला डानाओस सांगतो की सगळ्यांचे उजवे हात एकदम वर गेले आणि हवा हातांनी भरून गेली. अथेन्सने आर्गोसशी मैत्रीचा तह केला तो इ.स.पू. 462-461 मध्ये, आणि त्याच सुमाराला अथेन्समध्ये जुन्या उमरावांच्या न्यायमंडळाचे अधिकार काढून घेतले गेले. नाटक त्याच दशकातलं असावं, ही सूचना तेव्हाच झाली होती. पण राजकीय संदर्भावरून तारीख लावणं सैल मानलं जाई आणि शैलीवरून लावणं शास्त्रशुद्ध. त्यामुळे तिच्याकडे फारसं कुणी वळलं नाही.

शैलीवरचा हा विश्वास अगदी निराधार नव्हता, हेही सांगायला हवं. युरिपिडीसच्या बाबतीत तो खरा ठरतो. त्याच्या संवादांतल्या छंदात एका दीर्घ अक्षराच्या जागी दोन लघु घेण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढत जातं. 438 च्या ‘अल्केस्टिस’मध्ये ते थोडं आहे, 408 च्या ‘ओरेस्टेस’मध्ये भरपूर. मधल्या पक्क्या तारखांची नाटकंही बहुतेक त्याच चढावर बसतात, म्हणून बिनतारखेची नाटकं त्या चढावर ठेवता येतात. एस्किलसकडे मात्र असा चढ दाखवायला पुरेशी नाटकं नाहीत, आणि जी आहेत ती सगळी शेवटच्या पंधरा-सोळा वर्षांतली. 484 मध्ये त्याने अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत पहिलं बक्षीस मिळवलं, पण तेव्हा तो कसं लिहीत होता हे दाखवणारं एकही नाटक हाती नव्हतं. ‘शरणार्थिनी’ला त्या रिकाम्या काळात बसवून मग त्याच्यावरूनच त्या काळाचं वर्णन करायचं, असं हे चक्राकार चाललं होतं.

कैरोच्या दक्षिणेला सुमारे 160 किलोमीटरवर ऑक्सिरिंकस नावाचं गाव होतं. तिथल्या उकिरड्यांत 1896 ते 1907 या काळात दोन इंग्रज संशोधकांनी पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाचे, ढीग उकरून काढले. तिथले तुकडे तेव्हापासून आजतागायत एकेक करून वाचले जात आहेत. 1952 साली निघालेल्या विसाव्या खंडात इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला एक फाटका तुकडा होता. एका नाट्यप्रस्तावनेचा तो भाग. त्यात वाचता येतं ते एवढंच: ज्याच्या नावाने वर्ष ओळखलं जाई त्या अधिकाऱ्याचा उल्लेख सुरू होतो आणि ‘अर्’ या अक्षरांपाशी पपायरस तुटतो. पुढे एस्किलस जिंकला, मग ‘डानाइडेस’ आणि ‘अमि–’ ही अक्षरं. दुसरा सोफोक्लीस, आणि त्याच्यानंतर मेसाटोस या अप्रसिद्ध कवीचं नाव. ‘डानाइडेस’ हा ‘शरणार्थिनी’च्याच नाट्यत्रयीचा, म्हणजे एका कथेवरच्या तीन नाटकांच्या मालिकेचा, भाग आणि ‘अमिमोने’ हे तिच्या शेवटचं सॅटर-नाटक, म्हणजे हलकंफुलकं चौथं नाटक, हे आधीपासून मान्य होतं.

सोफोक्लीसचं नाव दिसताच गणित मोडलं. तो स्पर्धेत उतरला इ.स.पू. 470 च्या आसपास आणि त्याचं पहिलं यश 468 चं. म्हणजे त्याला हरवणारी ही नाट्यत्रयी त्याआधीची असणं जवळपास अशक्य. 467 च्या स्पर्धेचा निकाल आपल्याला माहीत आहे, त्यात सोफोक्लीस नाही. 458 ‘ओरेस्टेइया’ने व्यापलेलं. उरतो तो मधला काळ. ‘अर्’ ही अर्केडेमिडेस या अधिकाऱ्याच्या नावाची सुरुवात धरली तर नेमकं वर्ष मिळतं: 463. पण अधिकारी या अर्थाचा ग्रीक शब्दही त्याच अक्षरांनी सुरू होतो, त्यामुळे हा शेवटचा टप्पा पक्का नाही.

यानंतर जे झालं ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं. जुनी तारीख सोडायला अनेकजण तयार नव्हते. नाटक तरुणपणी लिहून ठेवलं आणि तीस वर्षांनी सादर केलं, असा एक बचाव निघाला. दुसरा असा की एस्किलसच्या मृत्यूनंतर त्याची नाटकं पुन्हा सादर करायची मुभा अथेन्सने दिली होती, तेव्हा ही नोंद त्याच्या मुलाने केलेल्या प्रयोगाची असावी. पण स्पर्धेची तालीम राज्याच्या नेमणुकीने आणि श्रीमंत नागरिकाच्या खर्चाने चालत असताना कुणी नाट्यत्रयी तीन दशकं का राखून ठेवेल? आणि प्रयोग मुलाचा असता तर विजेत्याच्या जागी साधं बापाचं नाव का असतं? 1969 साली एका ब्रिटिश अभ्यासकाने शब्दसंपदा, छंद, रचना, कोरसचा वाटा हे सगळे निकष पुन्हा तपासले. त्यांतला एकही लवकरची तारीख सिद्ध करत नाही, असं त्याने दाखवलं. खरं तर पुरावा डोळ्यांसमोरच होता. उपलब्ध शोकांतिकांतलं सर्वांत लांब प्रवेशगीत 458 च्या ‘आगामेम्नॉन’मध्ये आहे. 472 चं ‘पर्शियन्स’ही कोरसच्या प्रवेशानेच सुरू होतं. पन्नासांचा कोरसही गेला. आता बहुतेक अभ्यासक बाराच मानतात.

2000 नंतरही या तारखेवर शंका घेणारे लेख आले, ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. सोफोक्लीसच्या पदार्पणाचं साल ज्या आधारांवर ठरतं ते स्वतः उशिराचे आहेत. तरी सगळं तोलून पाहिलं तर 460 च्या दशकाचं पारडं जड आहे, आणि हल्लीच्या आवृत्त्या ‘बहुधा 463’ असं छापतात ते योग्यच आहे.

तारीख हलल्यावर वाचन हललं. जे नाटक ‘अजून जमलेलं नाही’ म्हणून वाचलं जात होतं, ते आता नट हाताशी असूनही मुद्दाम कोरसला पुढे करणाऱ्या अनुभवी नाटककाराचं ठरलं. 1970 च्या दशकात प्रयोगाच्या अंगाने अभ्यास सुरू झाला, तेव्हा इजिप्तचा दूत मुलींना मूर्तींपासून ओढून नेऊ पाहतो तो प्रसंग किती कसबाने रचला आहे हे दिसू लागलं. पॅरिसमधल्या अभ्यासकांनी शोकांतिका ही शहराने स्वतःच्याच मूल्यांवर उभे केलेले प्रश्न म्हणून वाचली. 1987 नंतर ही नाट्यस्पर्धा ज्यात होई त्या डायोनिससच्या महोत्सवाच्या सुरुवातीच्या समारंभांवर भर आला: दोस्त राष्ट्रांची खंडणी प्रेक्षकांसमोर मांडणं, युद्धात बाप गमावलेल्या मुलांचं शस्त्रं घालून संचलन. त्यातून सगळं नाटक म्हणजे लोकशाहीचा आरसा असा अतिरेकही झाला आणि 1998 पासून त्याला जोरदार उत्तरंही मिळाली. ‘शरणार्थिनी’पुरतं बोलायचं तर लोकशाहीचं वाचन ओढूनताणून आणलेलं नाही. मतदान नाटकातच आहे.

2015 मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजच्या प्राचीन नाट्यगृहात हे नाटक झालं, ते भूमध्य समुद्रातून येणाऱ्या बोटींच्या वर्षी. मार्च 2019 मध्ये पॅरिसमधल्या एका विद्यापीठात त्याचा प्रयोग निदर्शकांनी रोखला. मुलींच्या भूमिकेतल्या गोऱ्या कलाकारांनी काळा रंग आणि काळे मुखवटे वापरणं वंशवादी आहे, असा आक्षेप होता. दिग्दर्शकाच्या बाजूने प्राचीन मुखवट्यांच्या परंपरेचा दाखला दिला गेला आणि मे महिन्यात प्रयोग झाला. या वादात संहिता फार कमी जणांनी उघडली. तिथे मुली स्वतःला उन्हाने काळवंडलेल्या म्हणवतात आणि त्याच वेळी आर्गोसच्या इओच्या वंशज म्हणून रक्ताचं नातं सांगतात. परकं दिसणं आणि आपलं असणं हा पेच एस्किलसनेच मांडलेला आहे. दोन्ही बाजूंना त्याचा उपयोग झाला असता.

आज वाद आहे तो नाट्यत्रयीच्या क्रमाचा. ‘शरणार्थिनी’ पहिलं, ‘इजिप्शियन्स’ दुसरं, ‘डानाइडेस’ तिसरं, असं वर्षानुवर्षं धरलं गेलं. पण पपायरसवर पहिल्या दोन नाटकांची नावं उरलेलीच नाहीत. जावई आपल्याला मारणार, असं भविष्य डानाओसला सांगितलं गेलं होतं, ही कथा प्राचीन टीपाकारांना ठाऊक होती. काही अभ्यासकांच्या मते ते भविष्य ‘इजिप्शियन्स’मध्ये आधीच रंगमंचावर येऊन गेलेलं होतं, म्हणजे तेच पहिलं नाटक. हे खरं असेल तर ‘शरणार्थिनी’त मुलींना लग्नाचा एवढा तिटकारा का, या प्रश्नाचं उत्तर प्रेक्षकांना आधीच माहीत होतं: तो तिटकारा बापाने जिवाच्या भीतीने त्यांच्या मनात भरलेला होता. जुना क्रम धरला तर तो नकार त्यांचा स्वतःचा ठरतो. दोन्ही बाजूंचे आवृत्तीकार सध्या आपापला क्रम छापत आहेत.