"आजार वाढणार तर नाही ना?" : विषाणूजन्य तापाचे रिपोर्ट कसे वाचायचे

सॅम्पल दिल्यावर आमच्या लॅबच्या काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. त्याचं उत्तर एका रिपोर्टवरून देता येत नाही. अंदाज मात्र बांधता येतो, आणि तो कशावरून बांधतात हे तुम्हाला माहीत असावं असं आम्हाला मनापासून वाटतं.

डेंग्यूचंच घ्या. घरचे लोक फक्त प्लेटलेट मोजत बसतात. त्याच सीबीसीच्या (रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टवर पीसीव्ही (हिमॅटोक्रिट) नावाची, रक्तात लाल पेशींचा भाग किती टक्के आहे ते सांगणारी एक ओळ असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. समजा, तिसऱ्या दिवशी पीसीव्ही ३९ होता आणि पाचव्या दिवशी ४७ झाला. दोन्ही आकडे सुटे पाहिले तर फारसे वावगे वाटणार नाहीत. पण ही वाढ २० टक्क्यांची आहे! म्हणजे रक्तातलं पाणी केशवाहिन्यांतून बाहेर झिरपतंय आणि उरलेलं रक्त घट्ट होतंय. हे नेमकं ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान होतं. घरात सगळे सुटकेचा श्वास टाकतात, आणि जपायचे दिवस तेच असतात. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा सीबीसी सांगितली, तर "ताप गेला की आता" म्हणून ती टाळू नका.

कोविडमध्ये वय हा सगळ्यात मोठा धोका ठरला. मधुमेह, लठ्ठपणा, किडनीचे विकार त्यामागोमाग. तरी काही धडधाकट माणसंही अत्यवस्थ झाली. त्याचं एक कारण २०२० मध्ये हाती लागलं. अत्यवस्थ रुग्णांपैकी सुमारे १० टक्के जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटिबॉडी होत्या. इंटरफेरॉन म्हणजे विषाणूला पहिल्याच टप्प्यावर रोखणारी शरीराची प्रथिनं. ही तपासणी रोजच्या तपासण्यांमध्ये नसते.

रोजच्या तपासण्यांपैकी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारं प्रथिन) वाढत जाणं आणि लिम्फोसाइट (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) घटत जाणं, या दोन गोष्टी डॉक्टर बारकाईने पाहतात. पण लॅब चालवणारे म्हणून एक गोष्ट आम्हीच सांगायला हवी. दाखल झालेल्या कोविड रुग्णांच्या जिवाला किती धोका आहे हे ठरवण्यासाठी ब्रिटनमध्ये '४सी' नावाचा स्कोअर तयार झाला. त्यात आठ गोष्टी मोजतात. वय, लिंग, आधीचे आजार, श्वासाचा वेग, ऑक्सिजनची पातळी, शुद्धीची पातळी, रक्तातलं युरिया आणि सीआरपी. यांतल्या शेवटच्या दोनच लॅबमधून येतात. बाकीच्या सहा रुग्णाजवळ बसूनच कळतात.

रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलेला दिसला म्हणून स्वतःच्या मनाने स्टेरॉइड सुरू करू नका. २०२० च्या 'रिकव्हरी' नावाच्या कोविडवरच्या औषधचाचणीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे जीव वाचवले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा झाला नाही.

सॅम्पल देताना तापाचा कितवा दिवस आहे ते आवर्जून सांगा आणि आधीचे रिपोर्ट सोबत आणा. दुसरी तपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, म्हणजे आकडे एकमेकांशी नीट ताडून पाहता येतात. धाप लागत असेल, पोटात सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, किंवा माणूस गुंगीत वाटत असेल, तर रिपोर्टची वाट पाहू नका. आधी रुग्णालयात न्या. रिपोर्ट तयार झाला की आम्ही तो तिथल्या डॉक्टरांना फोनवर कळवू.