पाझर तलाव आटला म्हणून बोंब मारू नका

फेब्रुवारी-मार्च आला की गावोगाव एकच ओरड, तलाव गळका निघाला, पैसे पाण्यात गेले. अरे बाबांनो, तो पाझर तलाव आहे, पाणी खाली सोडणं हेच त्याचं काम.

साठवण तलाव सगळ्यांनी बघितलेला असतो. मातीची भिंत, आतून दगडाचं पिचिंग, कडेला सांडवा म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, विमोचकातून म्हणजे पाणी सोडायच्या दारातून कालव्याला पाणी. पाझर तलाव लांबून डिट्टो तसाच, फक्त बहुतेक ठिकाणी कालवा नसतो. आकारावरून ओळखायला जाऊ नका, फसाल.

खरी गंमत भिंतीखाली आहे. साठवण तलावाला पायात चर खणतेत, मुरूम आणि फुटका दगड ओलांडून पार घट्ट खडकापर्यंत, अन् त्यात काळी माती थराथरानं दाबून भरतेत, म्हणजे पाण्याला खालून पळायला वाट राहत नाही. पाझर तलावात हाच चर भिंत सुरक्षित राहील एवढाच नेतेत, पुढं मुद्दाम थांबतेत, आणि जागाही मुरमाची, भेगाळ बेसाल्टची बघून धरतेत. पावसाळ्यात अडवलेलं पाणी तळातून उतरतं अन् खालच्या शिवारातल्या विहिरींना लागतं. आपल्याकडच्या उन्हात उघड्यावरचं पाणी वाफ होऊन जातंय, जमिनीत गेलेलं वाचतं. त्यामुळं तलावात किती उरलं ते विचारूच नका, खालच्या विहिरी कुठपर्यंत टिकल्या ते विचारा. ७२ च्या दुष्काळात लोकांनी मजुरी करून असले तलाव उभे केले ते काय होड्या फिरवायला नव्हे.

आता उलटी गफलत. पाझर तळातून व्हायला पाहिजे, भिंतीतून नाही. भिंतीच्या बाहेर पायथ्याला नितळ ओल दिसली तर नजर ठेवा, पण गढूळ पाणी यायला लागलं म्हणजे आतली माती वाहून येतीय, त्याच दिवशी कळवा. तिथं "पाझर तलावच हाय, पाझरणारच की" म्हणून तंबाखू मळत बसणारे माझ्या जास्त डोक्यात जातेत.

अन् ते बोटिंगचं खूळ! पाणी टिकावं म्हणून तळाला शेततळ्याचं प्लास्टिक टाका म्हणणारेही भेटतेत, म्हणजे खालच्या विहिरी मारा आणि वर सेल्फी पॉइंट करा. हौसच असेल तर साठवण तलाव गाठा, नाहीतर बीडजवळचं बिंदुसरा भरल्यावर सांड्यावरची चादर, म्हणजे रुंद पसरून पडणारं पाणी, बघून या. चादर सांड्यावरच शोभते हां, मातीच्या भिंतीवरून पाणी गेलं तर भिंत राहत नाही, म्हणून सांड्यात मुरूम टाकून पाणी अडवायचा शहाणपणा करू नका.

पाझर तलावाला खरंच काही द्यायचं असेल तर गाळ काढा. बारीक गाळानं तळ बुजला की पाझर बंद, मग मे महिन्यापर्यंत पाणी दिसतंय म्हणून गाव खूश आणि विहिरी कोरड्या. फक्त भिंतीच्या बुडाशी जेसीबी लावू देऊ नका, मधल्या पात्रातला गाळ उचला.