वाढघटक दोन, पेशी एकच

मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाभ्यात अ‍ॅड्रिनॅलिन स्रवणाऱ्या क्रोमॅफिन पेशी असतात. गर्भावस्थेत त्या आणि अनुकंपी चेतापेशी एकाच मूळ पेशीसमूहातून घडतात, त्यामुळे संप्रेरक स्रवणारी ही पेशी चेतापेशीची सख्खी नातलग ठरते. हे नाते किती जवळचे आहे, हे १९७६ साली ठळकपणे दिसले. लॉइड ग्रीन आणि आर्थर टिशलर यांनी उंदराच्या या ग्रंथीतील अर्बुदापासून, म्हणजे पेशींच्या अनियंत्रित वाढीने झालेल्या गाठीपासून, पीसी-१२ नावाच्या पेशींचा वंश तयार केला. या पेशी डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनॅलिन बनवतात आणि एरवी नुसत्या विभागत राहतात. पण पोषक द्रवात चेतापेशींची वाढ घडवणारा चेतावृद्धी घटक मिसळला, की काही दिवसांत त्यांचे विभाजन थांबते आणि गोलसर पेशींना लांबच लांब तंतू फुटतात. हा घटक काढून घेतला, तर तंतू झडतात आणि विभाजन पुन्हा सुरू होते.

चेतावृद्धी घटकाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे सहविजेते स्टॅन्ली कोहेन यांनी बाह्यत्वचा वृद्धी घटकही शोधला होता, आणि खरी गंमत या दुसऱ्या घटकाची आहे. तो दिल्यास पीसी-१२ पेशींना तंतू फुटत नाहीत, उलट त्यांच्या विभाजनाला चालना मिळते. दोन्ही घटकांचे पेशीपटलावरील ग्राही (घटकाला जोडून संदेश आत पोचवणारी प्रथिने) वेगळे असले, तरी आतला संदेश बऱ्याच अंशी ईआरके या एकाच विकरामार्फत केंद्रकापर्यंत जातो आणि सी-फॉस हे जनुकही दोन्ही वेळा काही मिनिटांतच जागे होते.

मग फरक पडतो कुठे? बाह्यत्वचा वृद्धी घटकामुळे ईआरके थोडाच वेळ सक्रिय राहते, चेतावृद्धी घटकामुळे मात्र काही तास. सी-फॉसपासून बनणारे प्रथिन मुळात अल्पायुषी असते. ते तयार होईपर्यंत ईआरके सक्रिय असेल, तरच त्यावर फॉस्फेट गट जोडले जाऊन ते टिकते आणि पुढच्या जनुकांची अभिव्यक्ती बदलू शकते. संदेश किती काळ टिकला, हे पेशी अशा रीतीने मोजते. याचा पडताळाही प्रयोगातून मिळाला. पीसी-१२ पेशींवर बाह्यत्वचा वृद्धी घटकाच्या ग्राहींची संख्या वाढवली, तेव्हा ईआरके दीर्घकाळ सक्रिय राहिले आणि एरवी विभाजन घडवणाऱ्या त्याच घटकाने पेशींना तंतू फुटले.