पुढच्या चाकाची करामत

शिकाऊ विमान धावपट्टीवरून घसरल्याची बातमी आली की चर्चा वारा आणि वैमानिक या दोघांवरच थांबते. चाकं कुठे बसवली होती, हे कोणी विचारत नाही. जगात सर्वाधिक संख्येनं बनलेल्या विमानाचं, म्हणजे सेस्ना कंपनीच्या 172चं, मोठेपण मात्र तिथेच आहे.

त्याचा थोरला भाऊ 170, अमेरिकेतल्या विचिटा शहरातला, 1948 सालचा. दोन मोठी चाकं पुढे, एक चिमुकलं शेपटीखाली. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मोठ्या चाकांच्या मागे पडतो, आणि गोम इथेच आहे.

मॉलमधली ट्रॉली घ्या, मागची चाकं पक्की आणि पुढची गरगर फिरणारी असलेली. सामान भरून ढकला आणि सोडून द्या, सरळ जाईल. आता तीच उलटी ढकला. थोडी जाते न जाते तोच गर्रकन वळते. कारण आता भार पक्क्या चाकांच्या मागे आहे आणि तो त्यांना ओलांडून पुढे जायला बघतो. नाक जरासं वळलं की चाकांचं घर्षण आणि भाराचा जोर एका रेषेत राहत नाहीत. त्यातून तयार होणारं बलयुग्म, म्हणजे फिरवणारी बलांची जोडी, ते वळण आणखी वाढवतं. 170 उतरवताना दिशा सांभाळणाऱ्या पेडलवरचा पाय सुस्तावला की विमान गिरकी घेई. वैमानिक याला ग्राउंड लूप म्हणतात. भार चाकांच्या पुढे असला, की तेच बलयुग्म नाक सरळ करतं.

उसळीचंही तसंच. चाकं आपटून टेकली की मागचा भार शेपटी खाली दाबतो, पंख हवेला जास्त कोनात भिडतात, उचल वाढते आणि विमान पुन्हा वर. भार पुढे असेल तर नाक खाली येतं, उचल घटते, विमान जमीन धरतं.

172मध्ये मोठी चाकं मागे सरकवली आणि तिसरं शेपटीखालून काढून नाकाखाली आणलं. पहिलं उड्डाण जून 1955मध्ये झालं. 1956 या एका वर्षात 1,400हून अधिक विमानं बनली आणि 170 बंद पडलं. आपण नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतो. इथे चाकाचीच जागा बदलली.

जाहिरातीत कंपनीनं याला 'लँड-ओ-मॅटिक' म्हटलं, जणू विमान आपसूकच उतरतं! पण नाकाचं चाक आधी आपटलं तर इंजिनामागच्या पत्र्याला, फायरवॉलला, सुरकुत्या पडतात. दुरुस्ती करणाऱ्यांच्या हा प्रकार चांगल्याच ओळखीचा.

पुढे शेपटी तिरकी झाली, मागे काच आली, 1968मध्ये इंजिन बदललं. नुकसानभरपाईच्या दाव्यांपायी 1986मध्ये उत्पादन थांबलं, ते कायदा बदलल्यावर 1996मध्ये पुन्हा सुरू झालं. आजवर 44,000हून अधिक.

यातलंच एक विमान डिसेंबर 1958मध्ये लास वेगासहून उडालं आणि 64 दिवस 22 तास हवेत राहिलं. खालून धावणाऱ्या ट्रकमधून नळीनं इंधन घेत. मध्येच गुपचूप उतरल्याचा संशय नको म्हणून उड्डाण होताच त्याच्या चाकांवर पांढरा रंग लावला होता. अखेर उतरण्याआधी तो तपासला, तेव्हा कुठेही खरवडलेला नव्हता.